उचल, कोठी आणि वर्गणी

सेवाभावी संस्था आणि खाजगी प्रतिष्ठान यांच्या संबंधाला अलीकडे सर्रास ‘भागीदारी’ म्हटले जाते. पण व्यापारातल्या भागीदारीत भांडवल, जोखीम आणि नफातोटा या तिन्हींची वाटणी ठरलेली असते, आणि या संबंधात मात्र पैसा एका बाजूचा व पायपीट दुसऱ्या बाजूची अशी स्थिती पुष्कळदा असल्याने तो शब्द कितपत खरा, हे तपासून पाहावे लागते. प्रतिष्ठान म्हणजे एखाद्या व्यक्तीने, घराण्याने किंवा उद्योगसमूहाने आपल्या संपत्तीचा काही भाग सार्वजनिक हितासाठी कायमचा वेगळा काढून स्थापलेला न्यास, जो बहुधा स्वतः काम करण्याऐवजी काम करणाऱ्यांना निधी देतो. सेवाभावी संस्था म्हणजे असे काम प्रत्यक्ष करणारी आणि नफा न वाटणारी संघटना. अमेरिकेत १९६९ च्या करकायद्याने खाजगी प्रतिष्ठानांचा स्वतंत्र वर्ग आखून त्यांच्यावर दरवर्षी ठरावीक प्रमाणात दान करण्याचे बंधन घातले. भारतात असा वेगळा वर्ग नाही, आणि महाराष्ट्रात तर देणारा न्यास व घेणारी संस्था हे दोघेही बहुधा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या एकाच नोंदवहीत असतात. कायद्याने दोघांना एका पंगतीला बसवले आहे. वाढपी आणि जेवणारा हा भेद व्यवहाराने पाडला.

हा प्रश्न येथे खालापूर तालुक्यातील साजगावच्या परिसरात ठेवून पाहिला आहे, कारण दान, व्यापार, उद्योग आणि दारिद्र्य हे सर्व या पट्ट्यात काही मैलांच्या अंतरात एकत्र नांदतात. बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून असलेले साजगाव ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. कार्तिकी एकादशीपासून तेथे भरणाऱ्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरत असल्याने तेथील देवाला लोक लाडाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात, आणि तुकाराम महाराज मिरच्या विकण्यासाठी घाट उतरून या बाजारात येत असत अशी श्रद्धा आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी खोपोलीत उतरवून टाटांच्या वीजगृहाने १९१५ पासून मुंबईला वीज पुरवली, वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळाले आणि त्या पाण्याच्या व रेल्वेच्या आधाराने कारखाने आले. आणि या सर्वांच्या कडेने, डोंगराच्या उतारावर किंवा गावाच्या शिवेबाहेर, कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी जमातींना शासनाने विशेष असुरक्षित गटात धरले आहे, त्यांत माडिया गोंड व कोलाम यांच्याबरोबर कातकरी येतात.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांपैकी एक म्हणजे कातकरी वाड्यांवर वीस-बावीस वर्षे काम करणाऱ्या एका लहान संस्थेचा कार्यकर्ता आणि दुसरी मुंबईतील एका प्रतिष्ठानाची कार्यक्रम अधिकारी, म्हणजे अर्ज तपासणे, संस्थांना भेटी देणे आणि विश्वस्तांपुढे शिफारस मांडणे हे जिचे काम आहे अशी व्यक्ती. सामाजिक कामाच्या वर्तुळात रूढ असलेल्या रीतीप्रमाणे तो तिला ताई म्हणतो आणि ती त्याला दादा म्हणते. या संबोधनांनी जवळीक जितकी दाखवली जाते तितकी ती असतेच असे नाही, हेही येथे नोंदवणे योग्य होईल.

कार्यकर्त्याचा पहिला आक्षेप पैशावर नसून शब्दावर आहे. “ताई, तुमच्या कागदावर ‘भागीदार संस्था’ असे छापलेले असते,” तो म्हणतो, “पण वाडीवर या व्यवहाराला फार जुने नाव आहे. त्याला उचल म्हणतात.” उचल म्हणजे वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, कातकरी कुटुंबाला देतो ती आगाऊ रक्कम, तिच्या बदल्यात दिवाळीनंतर सगळे कुटुंब, मुलाबाळांसह, भट्टीवर जाते, आठवड्याला जेमतेम खर्ची घेऊन विटा पाडते, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की पुष्कळदा उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जावे लागते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली, तरी अंगावर चढलेल्या आगाऊ रकमेची ही पकड सैल होण्यास कायदा एकटा पुरा पडलेला नाही. कार्यकर्त्याच्या मते अनुदानाचा पहिला हप्ता असाच काम करतो: त्याच्या भरवशावर माणसे नेमली जातात, त्याच्या मुदतीत काम बसवले जाते, कोणते काम करायचे हेही त्याच्याबरोबर ठरून येते, आणि वर्षअखेर एखादी पावती जुळली नाही की दुसरा हप्ता अडतो व कार्यकर्त्यांचे पगार दुकानदाराच्या उधारीसारखे लांबत जातात.

अधिकारी ही तुलना झटकून टाकत नाही, मात्र तिच्यातला एक दुवा चुकीचा असल्याचे दाखवते. “दादा, उचल देणाऱ्याचा पैसा त्याचा स्वतःचा असतो आणि तो त्याला वाढवून परत हवा असतो. न्यासात एकदा घातलेला पैसा घालणाऱ्याचाही राहत नाही,” असे तिचे म्हणणे आहे. संस्थापकाच्या वारसांनाही तो परत घेता येत नाही, त्याच्यावर कराची सवलत मिळालेली असते आणि सवलत म्हणजे सरकारी तिजोरीत न पडलेला, म्हणून अंशतः जनतेचा पैसा. त्यामुळे पावती मागणारी अधिकारी ही मुकादम नसून स्वतःच लेखापरीक्षकाच्या व विश्वस्तांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी असते. आयकराच्या नियमांनुसार धर्मादाय न्यासाने आपल्या वार्षिक उत्पन्नाचा निदान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या शंभर रुपयांपैकी ८५ रुपयेच खर्च म्हणून धरले जातात. स्वतः काम करणाऱ्या न्यासाला हे वजावटीचे गणित लागू होत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या हातून काम करवून घेणारे प्रतिष्ठान कायद्याच्या दृष्टीने काहीसे महागात पडते, आणि तरीही ते तसे करते याचा अर्थ त्याला वाडीपर्यंत पोहोचलेल्या माणसांची गरज आहे, हे कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे अशी तिची अपेक्षा आहे.

येथे पैशाचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे, कारण चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळतात. पहिला प्रकार घराण्यांच्या न्यासांचा: सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्ये आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये स्थापन झाला, आणि त्यांचे उत्पन्न मूळ संपत्तीवर येते. दुसरा प्रकार कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ५०० कोटी रुपयांची निव्वळ मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते व त्यात आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते. हा पैसा नफ्याबरोबर चढतो व उतरतो. पुष्कळ कंपन्या तो आपल्याच नावाच्या प्रतिष्ठानामार्फत खर्च करत असल्याने बाहेरच्या माणसाला दोन्ही प्रकार सारखे दिसतात, पण त्यांचा स्वभाव निराळा आहे.

“आसपासचा भाग म्हणजे आम्हीच की,” कार्यकर्ता म्हणतो, आणि मग आपली तक्रार मांडतो: शाळेची रंगरंगोटी, पाण्याची टाकी, वह्यांचे वाटप यांना पैसे मिळतात, कारण त्यांवर पाटी लावता येते व त्यांचा फोटो निघतो, परंतु जातीच्या दाखल्यासाठी कर्जतच्या प्रांत कार्यालयात आणि योजनेच्या पाठपुराव्यासाठी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वर्षभर खेटे घालणाऱ्या मुलीचा पगार, तिचा एसटीचा खर्च, झेरॉक्स आणि मोबाइलचे पैसे यांना ‘प्रशासकीय खर्च’ या मथळ्याखाली कात्री लागते. वनहक्काच्या दाव्याला जोडायचा पुरावा शोधून काढणे हेच ज्या संस्थेचे काम आहे, तिच्याबाबतीत प्रशासन कोठे संपते आणि कार्यक्रम कोठे सुरू होतो, हे सांगणे खरोखर अवघड आहे. अधिकारी उत्तर देते की सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि कंपन्या तिच्यावर बोट ठेवतात.

या मुद्द्यावर प्रस्तुत लेखाचा कौल कार्यकर्त्याच्या बाजूने आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला लागू होते. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मधील आपल्या खुलाशात स्पष्ट केलेले आहे. संस्थेच्या प्रशासकीय खर्चावर प्रत्यक्ष मर्यादा घालणारा कायदा परदेशी देणग्यांचा आहे, ज्यात २०२० च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली व एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळती करण्यालाही मनाई केली. दोन वेगळ्या कायद्यांतील दोन वेगळ्या मर्यादांची सरमिसळ होऊन एक तिसरीच अलिखित मर्यादा तयार झाली आहे, आणि ती लहान संस्थांच्या माथी बसली आहे. संस्थेने करारापूर्वी हा खुलासा टेबलावर ठेवावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

अधिकारी हे मान्य करते, पण संवादाला वेगळे वळण देते. तिच्या मते कार्यकर्त्याच्या मनात दानाचे एक जुने, माणुसकीचे चित्र आहे, ज्यात देणारा विश्वासाने देतो आणि हिशेब विचारत नाही. कार्यकर्ता ते नाकारत नाही, उलट त्याचे ठळक मराठी उदाहरणच पुढे करतो. १९८० च्या दशकात पुण्यातील गर्दुल्ल्यांच्या दशेवर अनिल अवचटांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले, आणि अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. “तेथे कोणी तीन वर्षांचा ताळेबंद मागितला होता का?” असा त्याचा प्रश्न आहे, आणि तो बिनतोड वाटतो.

अधिकारीचे उत्तर मात्र या सबंध संवादातील सर्वांत विचार करायला लावणारे आहे. “दादा, तो विश्वास कोठून आला ते पाहा. देणारे लेखक, घेणारे लेखक, दोघेही पुण्यातले, एकमेकांचे लिखाण वाचणारे. ताळेबंद लागला नाही, कारण ओळख होती. तुमच्या वाडीवरच्या पोरीला पुण्या-मुंबईत कोण ओळखते?” असे विचारून ती सांगते की अर्ज, नमुने, निकष हे सारे कंटाळवाणे असले तरी अनोळखी माणसासाठी उघडे असलेले दार तेवढेच आहे, आणि ते बंद केले तर निधी पुन्हा ओळखीपाळखीच्या, एकाच थराच्या लोकांत फिरत राहील. कंपन्यांचा निधी घेण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या नमुन्यात केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. ही अट नव्या संस्थेला जाचक आहे, पण एकदा नोंदणी झाली की साजगावजवळची संस्था आणि मलबार हिलवरची संस्था एकाच यादीत येतात. कार्यकर्ता काही वेळ गप्प राहतो, आणि मग एवढेच म्हणतो की दार उघडे आहे हे खरे, पण दारावरची पाटी इंग्रजीत आहे. अर्जाची भाषा, अहवालाची भाषा आणि मुलाखतीची भाषा इंग्रजी असेपर्यंत चांगले लिहिणारी संस्था चांगले काम करणाऱ्या संस्थेच्या पुढे जाणार. अधिकारीकडे याला उत्तर नाही. मराठीतून अर्ज घेण्यात प्रतिष्ठानाला जी अडचण आहे ती विश्वस्तांची आहे, वाडीची नाही, हे ती कबूल करते.

मोजमापाचा प्रश्न यानंतर ओघानेच येतो, आणि तेथे अधिकारी गडचिरोलीचा दाखला देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, जी १९८६ मध्ये सुरू झाली, प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली, तुलनेसाठी ४७ गावे ठेवली, आणि तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली गेली. काटेकोर मोजले नसते तर हा निष्कर्ष गडचिरोलीबाहेर पडला नसता, असे ती म्हणते. कार्यकर्ता हे नाकारत नाही, परंतु एक फरक दाखवतो: तेथे बालके का दगावतात हा प्रश्न संस्थेने गावात राहून उभा केला होता आणि काय मोजायचे तेही तिनेच ठरवले होते, तर येथे ‘किती लाभार्थी’ हा रकाना आधी छापून येतो. भट्टीवर न गेलेले एक कुटुंब त्या रकान्यात ‘चार’ असे बसते, आणि मागच्या वर्षी भट्टीवर गेलेल्या बापाने यंदा उचल घेतली नाही, ही त्या कुटुंबातली सर्वांत मोठी घटना कोणत्याच रकान्यात मावत नाही.

मधल्या एका टप्प्यावर संवाद या पट्ट्याच्या इतिहासाकडे वळतो. कार्यकर्ता सुचवतो की दान देणारी संपत्ती कोठून आली हेही विचारले पाहिजे: खोपोलीनंतर टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले तेव्हा बुडणाऱ्या मावळी गावांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. अधिकारी आठवण देते की त्याच घराण्याच्या न्यासाने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था उभारली, आणि टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या संस्थेतून शिकलेले कितीतरी लोक धरणग्रस्तांच्याच बाजूने उभे राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. संस्थेने पैसा घेताना त्याचा उगम ठाऊक करून घ्यावा आणि कोणत्या उद्योगाचा पैसा आपण घेणार नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच आपल्या कार्यकारिणीच्या ठरावात लिहून ठेवावे, यावर दोघांचे एकमत होते.

खरा पेच दिनदर्शिकेचा आहे, आणि भागीदारीवरील लिखाणात त्याची चर्चा सहसा होत नाही. प्रतिष्ठानाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. कातकऱ्यांचे वर्ष आवणीच्या मजुरीने सुरू होते, श्रावण-भाद्रपदात खेकडे, मासे आणि रानभाज्यांवर ते कसेबसे ढकलले जाते, नेमके याच उपासाच्या दिवसांत मुकादम उचल घेऊन येतो, भाताची कापणी-झोडणी झाली की कुटुंबे बाहेर पडतात, आणि वैशाखात, पावसाच्या तोंडावर, परत येतात. आता प्रतिष्ठानाचा निधी पाहावा: एप्रिलमध्ये अंदाजपत्रक, जून-जुलैत अर्ज, त्यानंतर भेट आणि विश्वस्तांची बैठक, मग करार, आणि पहिला हप्ता ऑक्टोबरच्या अलीकडे क्वचितच येतो. तोपर्यंत उचल घेऊन झालेली असते. पैसा पोहोचतो तेव्हा वाडीत म्हातारीकोतारी उरलेली असतात, आणि खर्च मार्चपूर्वी संपवायचा असल्याने संस्था त्या रिकाम्या वाडीत शिबिरे घेते. कार्यकर्ता हे सांगताना हसतो, पण हे हसण्यासारखे नाही. मुकादमाची दिनदर्शिका भुकेला धरून चालते आणि दात्याची ताळेबंदाला धरून, म्हणून मुकादम वेळेवर पोहोचतो.

अधिकारी यावर कायद्याची एक फट दाखवते. चालू प्रकल्प, म्हणजे सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प, असा एक वर्ग सीएसआरच्या नियमांत आहे. त्यातील न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढील तीन वर्षांत वापरता येते, तर चालू नसलेल्या प्रकल्पातील शिल्लक सरकारी निधीत जमा करावी लागते. म्हणजे मार्चअखेरची घाई कायद्याने लादलेली नसून प्रस्ताव एका वर्षाचा लिहिल्याने ओढवून घेतलेली असते. घराण्यांच्या न्यासांना तर विशिष्ट उद्दिष्टासाठी उत्पन्न पाच वर्षांपर्यंत साठवण्याची परवानगी आयकराच्या नियमांत आहे. “मग बहुवार्षिक करार का देत नाही?” या प्रश्नावर ती जे सांगते ते कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही: प्रतिष्ठानातील अधिकारी दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, आणि आपल्यानंतर येणाऱ्यावर तीन वर्षांचे वचन लादण्यास कोणी धजावत नाही. यावर कार्यकर्त्याची मागणी अशी की ओळख व्यक्तीशी न होता प्रतिष्ठानाशी व्हावी, निदान एका विश्वस्ताने पावसाळ्यात, माणसे घरी असताना, वाडीवर यावे. निसरड्या वाटेवरून विश्वस्तांना नेणे सोपे नाही, असे अधिकारी म्हणते. त्याच वाटेने गरोदर बाई खाली आणतात, असे तो उत्तर देतो.

निसरड्या वाटेचा उल्लेख निघाला की या तालुक्यात दुसरे काही बोलता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकूर वाडी दरडीखाली गेली, २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता म्हणून घोषित झाले. त्यानंतरच्या आठवड्यांत मदतीचा ओघ एका ठिकाणी लोटला, आणि उतारावरच्या बाकीच्या वाड्या पूर्वीप्रमाणेच राहिल्या. दोघेही यावर थोडेच बोलतात.

मग उचलीला पर्याय काय, या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्ता याच मातीत शोधतो. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी भूमिगत लढ्याच्या आधी कर्जत भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार उभारले होते, जेणेकरून पावसाळ्यात सावकाराच्या दाराशी जावे लागू नये. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कर्जत तालुक्यातील काशेळे येथील ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने आदिवासी गावांत धान्य बँका चालवल्या. दोहोंमागचे तत्त्व एक आहे: पावसाळ्यात भात न्यायचे, कापणी झाली की थोड्या वाढीसह परत घालायचे, आणि ती वाढ सावकाराच्या कणगीत न जाता गावाच्या कोठीत राहायची. उचल घेणाऱ्याला बांधते, कोठी त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळे ठेवते. “कोठीलाही वही असते, दादा,” अधिकारी लगेच म्हणते, “कोणी किती नेले आणि किती घातले, ते लिहिले नाही तर दुसऱ्या वर्षी कोठी रिकामी.” कार्यकर्त्याला हे मान्य करावे लागते. हिशेब ठेवावा लागतो, हे त्याने कधी नाकारलेच नव्हते. वही कोणाच्या घरी राहते आणि ती उघडून पाहण्याचा हक्क कोणाला, एवढाच त्याचा प्रश्न असल्याचे आता स्पष्ट होते.

कोठीची कल्पना निधीला लावायची तर संस्थेकडे स्थायी निधी हवा, म्हणजे ज्याचे मुद्दल न मोडता व्याजावर पगार आणि कार्यालय चालते असा साठा. अधिकारी येथे सावध करते की २०२१ पासून कंपन्यांना सीएसआरमधून कोणाच्याही स्थायी निधीला रक्कम देता येत नाही, त्यामुळे असा साठा घराण्यांच्या न्यासांकडून, व्यक्तींकडून किंवा १९७८ मध्ये अमेरिकेतील मराठी मंडळींनी स्थापलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या परदेशस्थ मंडळांकडून, आणि त्यासाठी परदेशी देणगीची नोंदणी असेल तरच, उभा राहू शकतो. ती स्वतः दुसरा, लहान उपाय सुचवते: करारातच सहा महिन्यांच्या पगाराइतकी राखीव रक्कम धरावी, जी प्रतिष्ठान निघून गेल्यावरही संस्थेकडे राहील. आणि पहिल्याच वर्षी मोठा निधी मागू नये, कारण दहा लाखांची सवय असलेल्या संस्थेला एकदम एक कोटी मिळाले तर ती कोटीच्या वजनाखाली वाकते; लहान रकमेवर एक पावसाळा आणि एक भट्टीचा हंगाम एकत्र काढल्यावर दोघांनाही एकमेकांचा स्वभाव कळतो.

कार्यकर्ता त्यात वर्गणीची भर घालतो. साजगावच्या यात्रेत दिंडीच्या जेवणाला घरोघर मागितलेले तांदूळ असतात, आणि शेकडो घरांचे असल्यामुळे ते कोणा एकाचे नसतात. तसा संस्थेच्या खर्चाचा काही हिस्सा, मग तो दहा टक्के का असेना, वाड्यांतून, खोपोलीच्या दुकानदारांकडून आणि कारखान्यांतील कामगारांकडून आला, तर प्रतिष्ठानासमोर बसताना संस्थेची मान ताठ राहते. अधिकारीला ही कल्पना आवडते, मात्र भट्टीवरून परतलेल्या माणसाकडे वर्गणी मागण्यातला संकोच तिला जास्त जाणवतो. कार्यकर्त्याला तो जाणवत नाही. वाडीचा माणूस देवाला देताना संकोचत नाही, असे तो सांगतो, आणि हे मत तपासून पाहण्यासारखे आहे.

शेवटी मसुदा समोर येतो. मुदत तीन वर्षांची, अहवाल वर्षातून दोन आणि तेही मराठीत, दाखल्यांचा पाठपुरावा करणारीचा पगार कार्यक्रमाच्या खर्चात, आणि उचल न घेता राहिलेल्या कुटुंबांची वेगळी नोंद, इथपर्यंत दोघे पोहोचतात. वर्ष कोणत्या तारखेला सुरू करायचे यावर मात्र गाडी अडते: अधिकारी १ एप्रिल खोडून १ जून लिहिते व लेखापालाला विचारावे लागेल अशी खूण करते, तर कार्यकर्त्याचा आग्रह असा की सही होण्यापूर्वी मसुदा गावकीच्या बैठकीत वाचला जावा. बैठक माणसे परत आल्यावरच होऊ शकते, माणसे वैशाखाअखेर परत येतात, आणि विश्वस्तांची बैठक मार्चमध्ये आहे.